मोठ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवलेलं दुखणं

ड्रायरच्या जाळीवर मऊ थर साचतो, तो पाहिलाय कधी? कपडे आत टाकताना वाटतं, यात काय असणार, रोजचेच तर शर्ट. वाळून बाहेर काढले की जाळीवर हाताएवढी गादी तयार! किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम गोळा करायला जावं लागत नाही. एका जागी नेमाने बसायचं आणि अधूनमधून जाळी उघडून बघायची.

माझी बसायची जागा म्हणजे अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमच्या घराजवळ एक दवाखाना आहे, त्याची वेटिंग रूम. मुलगा सकाळच्या ट्रेनने शिकागोला जातो, नात शाळेत जाते आणि सून मीनल याच दवाखान्यात बिलिंगला आहे. मी नागपूरचा, शिकलो सातवीपर्यंत, आयुष्य पाणीखात्यात पाइप जोडण्यात गेलं. इथे जोडण्यासारखं माझ्याकडे काही येत नाही. म्हणून ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरकडे सोबत म्हणून जातो. त्यांची मुलं ऑफिसात असतात. मी त्यांच्याबरोबर खोलीत बसतो, त्यांचा कोट धरतो, चष्मा सांभाळतो. मी बोलायला फार हळू. वाक्य सुरू केलं की ते कुठे जाऊन थांबेल हे मलाही आधी ठाऊक नसतं. त्यामुळे सोबतीला माणूस बरा, असं सगळ्यांचं माझ्याबद्दल मत आहे.

हा दवाखाना शिकवण्याचा आहे. म्हणजे आधी रेसिडेंट येतो. तो डॉक्टर झालेला असतो, पण अजून कुणाच्या तरी हाताखाली शिकत असतो. मग त्याच्यावरचे मोठे डॉक्टर येतात. आमच्या वाट्याला आलेला रेसिडेंट सौरभ, सोलापूरचा, पहिल्या वर्षाचा. त्याच्यावर डॉ. पॅटरसन बाई, उंच, पांढऱ्या केसांच्या, खोलीत आल्या की आधी स्टूल ओढून बसणाऱ्या.

त्या वर्षी सौरभचं सगळं टांगणीला होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर कमिटी बसणार होती आणि त्याला पुढच्या वर्षाला घ्यायचं की नाही, ते ठरवणार होती. नाही घेतलं तर नोकरी गेली आणि नोकरीबरोबर व्हिसा गेला. तिकडे सोलापुरात त्याच्या आईचे सगळ्या गल्लीला पेढे वाटून झाले होते. एका रविवारी आमच्याकडे पिठलं-भाकरी खाताना त्यानेच हे मला सांगितलं. व्हिसाचं सांगेपर्यंत तो जेवत होता. पेढ्यांपाशी त्याचा घास थांबला.

* * *

पहिला किस्सा माझाच आहे. गुडघा दुखत होता म्हणून गेलो. आधी मेडिकल कॉलेजची एक विद्यार्थिनी आली. तिने विचारलं, कधीपासून दुखतोय? मी सांगितलं. मी सांगायचं म्हणजे वेळ लागतो, पण तिने ऐकून घेतलं. ती गेली आणि सौरभ आला. त्यानेही विचारलं, कधीपासून? मला वाटलं, पोरगी बाहेर जाऊन विसरली असेल. तिला बोलणी बसायला नकोत, म्हणून आत्ताच सांगितलं असं काही मी म्हटलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग पॅटरसन बाई आल्या, स्टूल ओढलं आणि विचारलं, कधीपासून? आता दोघांना सांभाळून घ्यायची वेळ आली. मी चेहरा असा केला की जणू हा प्रश्न मला जन्मात कोणी विचारलेला नाही, आणि तिसऱ्यांदा सांगितलं.

घरी येऊन मीनलला म्हटलं, "पोरं गुणी आहेत गं, पण विसराळू. मी कुणाचं नाव पुढे येऊ दिलं नाही."

मीनल हातातली पिशवी न ठेवताच खुर्चीत बसली आणि हसत सुटली. मग तिने नियम सांगितला. मोठ्या डॉक्टरने स्वतः विचारलं पाहिजे, स्वतः तपासलं पाहिजे आणि आपण काय केलं ते स्वतः लिहिलं पाहिजे. तरच त्याच्या नावाने बिल लागतं. हाताखालच्याने कितीही चांगलं काम केलं तरी लांबून मान हलवून भागत नाही.

मला तो नियम लगेच पटला. आमच्याकडेही जोड कोणीही बसवो, मेस्त्रीने त्यावर स्वतःचा हात फिरवायचा. लांबून हलवलेली मान पाणी ऐकत नाही.

* * *

मोठे डॉक्टर काय लिहितात ते वाचायचं आणि नियमात बसत नसेल तर परत पाठवायचं, हे मीनलचं काम. ती घरी कुणाचंही नाव सांगत नाही. तसा कायदाच आहे. पण नाव गाळून किस्सा सांगू नये, असा कायदा अजून झालेला नाही.

एक मोठे डॉक्टर तिथे नवीन आले होते. त्यांनी रेसिडेंटच्या नोंदीखाली लिहिलं, "सहमत." मीनलने परत पाठवलं, एवढ्यावर बिल लागणार नाही म्हणून. त्यांनी सुधारून लिहिलं, "पूर्णपणे सहमत." मीनलने पुन्हा पाठवलं. तेव्हा त्यांनी लिहिलं, "मनापासून सहमत."

शेवटी मीनल उठून त्यांच्या टेबलाशी गेली. म्हणाली, "डॉक्टर, तुमचं मत कोणी विचारलेलं नाही. तुम्ही खोलीत गेला होता का, एवढंच विचारलंय."

डॉक्टर जरा दुखावले. म्हणाले, गेलो होतो तर! छाती ऐकली, पाय दाबून पाहिले, पेशंटबाईंनी त्यांच्या कुत्र्याचे फोटो दाखवले तेही सगळे पाहिले.

"मग हेच लिहा," मीनल म्हणाली. "कुत्रा सोडून."

* * *

रामटेके साहेब हे आमच्या नागपूरचेच, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. भेटले की आधी जय भीम आणि लगेच स्वतःचं ब्लडप्रेशर सांगतात. त्यांच्या फोनवर दवाखान्याचं ॲप आहे. डॉक्टरांनी आपल्याबद्दल काय लिहिलंय ते त्यात वाचता येतं. लोक सकाळी पेपर वाचतात, साहेब स्वतःला वाचतात.

मागच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि काही दिवस मोठ्या हॉस्पिटलात राहावं लागलं. घरी आल्यावर त्यांनी सगळ्या नोंदी वाचायला काढल्या. तर रोजच्या नोंदीखाली एक ओळ होती: "पेशंटच्या मुलीशी चर्चा केली. ती समाधानी आहे." साहेबांना दोन मुलगे. मुलगी नाही! कोणा घाईतल्या डॉक्टरने दुसऱ्या पेशंटची नोंद उचलून इथे चिकटवली होती आणि मग ती रोज पुढे सरकत गेली होती.

साहेबांना याची मोठी गंमत वाटली. त्यांनी ती ओळ बायकोला, म्हणजे रामटेके बाईंना, मोठ्याने वाचून दाखवली. बाईंना गंमत वाटली नाही. त्या म्हणाल्या, "कोण ही?" साहेबांनी कॉपी-पेस्ट म्हणजे काय ते समजावलं. हॉस्पिटलला फोन केला, तिकडून माफी आली, नोंद दुरुस्त झाली.

दोन आठवडे गेले. एके दिवशी साहेब जेवताना म्हणाले, आज भाजीत मीठ कमी आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "तिला सांगा. ती समाधानी असते."

* * *

साहेबांचाच आणखी एक. न्यूमोनियानंतर त्यांची झोप उडाली, म्हणून त्यांना मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे मोठ्या डॉक्टरने खोलीत असण्याच्या नियमाला एक सवलत आहे. शिकाऊ डॉक्टर आत पेशंटशी बोलतो आणि मोठे डॉक्टर एका आरशामागे बसून बघतात. आतून तो आरसा दिसतो, पलीकडून काच. असं पाहिलं तरी मोठे डॉक्टर हजर होते, असं धरतात. घोळक्यापुढे माणूस मन मोकळं करत नाही, म्हणून ही सोय असावी.

साहेबांना हे सगळं आधी सांगितलं होतं. त्यांनी संमतीची सहीही केली होती. पण शिकाऊ डॉक्टर काहीतरी आणायला बाहेर गेला आणि साहेब आरशाबरोबर एकटे राहिले. ते उठले. भांग पाडला. तो पसंत पडला नाही म्हणून दुसऱ्या बाजूने पाडला. मिशी बघितली. दात बघितले. मग आरशाकडे बोट करून स्वतःलाच दरडावलं, "रामटेके, आज रडायचं नाही."

संध्याकाळी ॲपमध्ये मोठ्या डॉक्टरांची नोंद आली. पेशंट नीटनेटके आहेत, आपल्या दिसण्याची काळजी घेतात, स्वतःला धीर देऊ शकतात. साहेबांनी ती नोंद मला फोन करून वाचून दाखवली. आवाज भरून आला होता. म्हणाले, "मेश्राम, एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं."

* * *

माझ्या छातीत एक आवाज आहे. धडधडीच्या मधे बारीक फुस्स होतं. काळजीचं कारण नाही, असं सगळे म्हणतात. पण शिकणाऱ्या पोरांना तो फार आवडतो. नीट ऐकू येतो, आणि मी घाई करत नाही.

सौरभला तो सुरुवातीला ऐकूच येत नव्हता. एकदा पॅटरसन बाईंनी त्याला माझ्यापाशी उभं केलं. त्याचा हात धरून नळीचं तोंड माझ्या बरगडीवर थोडं सरकवलं आणि डोळे मीट म्हणाल्या. बाहेर बर्फ पडत होता, खोलीत शांत होतं. मी श्वास धरला, सोडला, पुन्हा धरला. बऱ्याच वेळाने सौरभने डोळे उघडले. पहिल्यांदा आकाशगंगा दिसल्यावर पोरं हसतात तसा हसला.

घरी मी मीनलला म्हटलं, बाईंनी आज केवढा वेळ दिला, बिलही मोठं लागेल. ती म्हणाली, "नाही बाबा. शिकवण्याचा वेळ धरत नाहीत. तुम्हाला तपासायला लागला, तेवढाच धरायचा."

म्हणजे त्या दुपारी त्या खोलीत जे सगळ्यात मोलाचं झालं, ते फुकट झालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी स्वतः सातवीत शाळा सोडली. पण माझ्या छातीवर किती पोरं डॉक्टर झाली!

* * *

आता सुमन काकू. पुण्याच्या, सदाशिव पेठेतल्या नाहीत, पण बोलणं तिथलंच. यापुढचं सगळं मी त्यांना विचारून लिहितोय. त्या म्हणाल्या, लिहा, पण मला म्हातारी म्हणू नका.

आपली माणसं दवाखान्यात आली की त्यांना सौरभकडे पाठवायचे, कारण तो मराठी बोलतो. सगळ्यांना वाटायचं की पोराला याचा फायदाच होईल. झालं उलटंच. सौरभ विचारायचा, काकू, काय होतंय? काकू म्हणायच्या, सर्दी आहे रे बाळा. आणखी काही? काही नाही. दम लागतो? छे. तो तसं लिहायचा, बाहेर जाऊन पॅटरसन बाईंना सांगायचा. मग दोघं आत यायचे. बाईंनी स्टूल ओढलं की काकू सरसावून बसायच्या आणि त्यांच्या इंग्रजीत सांगायला लागायच्या: जिना चढताना दम लागतो, दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, संध्याकाळी पायाला सूज येते!

पॅटरसन बाई सौरभकडे बघायच्या. ओरडायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या. मी कोपऱ्यात काकूंचा कोट धरून बसलेला असायचो. त्या वेळी तो कोट मला फार जड वाटायचा.

काकू एकट्या नव्हत्या. आपली बहुतेक म्हातारी माणसं हेच करत होती. सौरभला खोकला आणि बाईंना छातीतली कळ. सौरभला अॅसिडिटी आणि बाईंना चक्कर. महिन्यामहिन्याला सौरभच्या कामाबद्दल जे लिहिलं जाई, त्यात एकच वाक्य येऊ लागलं: महत्त्वाचं याच्याकडून निसटतं. त्याच्याबरोबरच्यांना साध्या पेशंटना एकट्याने पाहायची परवानगी मिळाली. साध्या तक्रारींपुरती नियमात तेवढी सूट आहे: मोठे डॉक्टर दवाखान्यात असतात, पण त्यांना प्रत्येक खोलीत जावं लागत नाही. सौरभला ती मिळाली नाही. मग तो जास्त प्रश्न विचारायला लागला. तेव्हा काकू म्हणाल्या, ही काय पोलीस चौकशी आहे का?

एकदा काकूंना घरी सोडताना मी गाडीत विषय काढला. मी ड्राइव्हही हळूच करतो, त्यामुळे बोलायला वेळ होता. विचारलं, काकू, तुम्ही पोराला का सांगत नाही?

काकूंना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "अहो भाऊ, कंपाउंडरला कोणी सगळं सांगतं का? पाहुणा उशिरा येणार असला तर आपण त्याच्या वाटणीचं काढून ठेवतो की नाही? एवढी मोठी बाई वेळ काढून आत येणार. तिच्यासाठी काही राखून ठेवायला नको?"

मी म्हटलं, सौरभची नोकरी धोक्यात आहे.

काकू हळहळल्या. अगदी खऱ्या हळहळल्या. म्हणाल्या, "त्याला म्हणावं, काळजी करू नको. मोठ्या बाईंना मी सगळं नीट सांगते."

* * *

काकूंचं जमेना म्हणून मी बाकीच्यांना गाठलं. प्रत्येकाला समजावलं की हा कंपाउंडर नाही, डॉक्टर आहे, जे काय असेल ते त्याला सांगा. रामटेके साहेबांना ते एका झटक्यात पटलं. माणूस मॅनेजर राहिलेला. पुढच्या वेळी त्यांनी सौरभला ब्लडप्रेशरपासून पायाच्या नखापर्यंत सगळं सांगितलं. सौरभने सगळं लिहून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला.

मग पॅटरसन बाई आल्या. स्टूल ओढलं. आज काय त्रास होतोय, असं विचारलं.

साहेबांनी सौरभकडे हात केला. "त्याला सांगितलंय."

बाई म्हणाल्या, ते ठीक आहे, पण मला तुमच्याकडून ऐकायचंय. साहेब म्हणाले, माझ्या हाताखालच्याने एकदा काम बघितलं की मी कस्टमरला पुन्हा लाइनीत उभं करत नसे. बाई म्हणाल्या, मला विचारणं भागच आहे. साहेब म्हणाले, तुमचा तुमच्या माणसावर विश्वास नाही का? सौरभ घामाघूम! साहेबांनी हाताची घडी घातली ती घातलीच. बाईंनी मुकाट्याने त्यांची छाती ऐकली, पाय पाहिले आणि उठल्या.

साहेब बाहेर येऊन मला म्हणाले, "पोराची बाजू कशी लावून धरली, बघितलं ना?"

मी बघितलं होतं. मेहरबानी करा साहेब, पुढच्या वेळी नका धरू, असं म्हणायला मी तोंड उघडलं. माझं वाक्य पुरं होईपर्यंत साहेब लिफ्टपर्यंत पोहोचले होते.

* * *

शेवटी मी माझ्याच गुडघ्याची अपॉइंटमेंट घेतली. पॅटरसन बाई आल्या, बसल्या, कधीपासून म्हणाल्या. मी म्हटलं, आज गुडघा बरा आहे. आज मला दुसरं सांगायचंय.

माझं इंग्रजी पाइप मोजायच्या टेपासारखं आहे. ओढलं तेवढंच बाहेर येतं आणि सोडलं की आत जातं. पण मी ओढत राहिलो. आमच्याकडचा दवाखाना कसा असतो ते सांगितलं. बाहेर कंपाउंडर असतो, त्याला एक शब्द सांगायचा, ताप. बाकीचं सगळं आतल्या डॉक्टरांसाठी. त्यात लबाडी नसते. तो मान असतो. काकूंनी सांगितलेलं पाहुण्याच्या ताटाचंही सांगितलं. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. नर्सने दार उघडून आत पाहिलं, तर बाईंनी हातानेच तिला थांब म्हटलं. कुणी माझं पुरं वाक्य ऐकून घेतं तेव्हा मला तो माणूस जवळचा वाटायला लागतो.

माझं संपलं तेव्हा त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ते त्याच्यापासून लपवत नाहीत. माझ्यासाठी जपून ठेवतात."

मी म्हटलं, येस.

त्यांनी गुडघा तरीही तपासला. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, तुमची सून मला परत पाठवेल.

* * *

त्यानंतर बाईंनी काय केलं, तर आधी सौरभ आणि मग आपण, हा क्रमच मोडला. आपली माणसं आली की त्या सौरभबरोबरच आत जायला लागल्या. नियमाला ते चालतं. मोठे डॉक्टर हजर असले म्हणजे झालं. पण आता त्या स्टूल सौरभला द्यायच्या आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. एक अक्षर बोलायच्या नाहीत.

काकूंची पंचाईत झाली. मोठ्या बाई समोर आहेत म्हणजे राखून ठेवलेलं वाढायला हवं. पण विचारतोय सौरभ, आणि मराठीत! काकूंनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग बाईंकडे बघत, त्याला मराठीत सगळं सांगितलं. तो ते बाईंना इंग्रजीत सांगत गेला. सांगता सांगता त्याने मधेच वळून काकूंना विचारलं, "काकू, तुम्ही जेवता कोणाबरोबर?" काकूंनी सवयीने आधी बाईंकडेच पाहिलं. मग म्हणाल्या, "टीव्हीबरोबर." मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि पुढचं बाईंकडे न बघता सांगितलं. जेवण एकटीने करावंसं वाटत नाही, म्हणून लोणचं-पापडावर भागवतात. पायांची सूज सगळी त्या मिठाची होती असं नाही, पण बरीचशी होती.

काही दिवसांनी मीनल घरी आली ती पर्स न काढताच ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, आज मला एक नोंद परत पाठवायची होती, पण पाठवली नाही. नाव तिने सांगितलं नाही. नोंद तोंडपाठ म्हणून दाखवली. मोठ्या डॉक्टरने लिहिलं होतं: "मी पूर्ण वेळ खोलीत हजर होते. पेशंटची छाती आणि पाय मी स्वतः तपासले. बोलणं माझ्या भाषेत नव्हतं. मी जे विचारलं असतं ते सगळं रेसिडेंटने विचारलं, आणि एक असं विचारलं जे मला सुचलं नसतं."

मी विचारलं, मग परत का पाठवणार होतीस? नियमात बसत नव्हतं?

"बसत होतं," मीनल म्हणाली. "पुन्हा एकदा आलेली बघायची होती."

* * *

कमिटी बसली आणि सौरभ पुढच्या वर्षाला गेला. सोलापूरला फोन झाला. आईने पुन्हा पेढे वाटले आणि या वेळी शेजारच्या गल्लीलाही वाटले, असं ऐकलं. दुसऱ्या वर्षाबरोबर त्याला ती परवानगीही मिळाली. साधी तक्रार असेल तर पेशंट त्याने एकट्याने बघायचा. पॅटरसन बाई इमारतीत असतील, लागल्या तर येतील, पण आत येणार नाहीत.

त्या परवानगीतली पहिली पेशंट सुमन काकू. ब्लडप्रेशर दाखवायला आल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे कोट घेऊन कोपऱ्यात. सौरभने विचारलं, काकूंनी सांगितलं. झोप लागते. सूज नाही. जेवण मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारच्या गुजराती बाईंबरोबर. सौरभने छाती ऐकली, पाय दाबून पाहिले, गोळी तीच ठेवली आणि म्हणाला, काकू, झालं. या आता.

काकू उठल्या. मी कोट पुढे केला. त्यांनी एक हात बाहीत घातला आणि थांबल्या. दाराकडे बघत राहिल्या.

"मोठ्या बाई यायच्या आहेत ना अजून?"

"नाही काकू. आता नाही येणार. आता मीच."

"म्हणजे त्या रजेवर आहेत?"

"नाही. आहेत. पण तुम्हाला मीच बघायचं, असं ठरलंय."

काकूंनी त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. अगदी बुटांपर्यंत. "आणि तुझ्यानंतर कोणी नाही?"

"कोणी नाही."

काकूंनी बाहीतला हात बाहेर काढला. कोट माझ्याकडे परत दिला आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. पदर नीट केला. मग मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"आणि तू ते दार लाव रे. आता सांगते मला काय होतंय ते."